पारखलेला, पण न चाखलेला दाणा

दिवाळीच्या आगेमागे वरोऱ्याच्या बाजार समितीच्या आवारात सोयाबीनचे पिवळे ढीग लागतात. बैलगाड्यांची जागा ट्रॅक्टरांनी घेतली, तरी मालाची पारख करण्याची व्यापाऱ्याची रीत बदललेली नाही. तो ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, तळाचे मूठभर दाणे वर काढतो, तळहातावर पसरून माती, काडीकचरा आणि डागी दाणा पाहतो आणि शेवटी एक दाणा दाताखाली धरतो. कट्कन तुटला तर माल वाळलेला, नुसता दबला तर ओला. ओलावा मोजण्याचे यंत्र शेजारी ठेवलेले असते. पण पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास दातावरच अधिक. निर्णय झाला की तो दाणा थुंकून टाकला जातो आणि बोली पुढे सरकते.

चंद्रपूर जिल्ह्यातील अनेक व्यापारी घरांचा सोयाबीनशी असलेला संबंध या एका कृतीत सामावलेला आहे. वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना या पश्चिमेकडील तालुक्यांत कापसाच्या जोडीने हे पीक उभे असते. भद्रावतीच्या पार्श्वनाथ तीर्थाकडे नागपूरहून येणारे यात्रेकरू श्रावण-भाद्रपदात याच हिरव्या शेतांमधून येतात. दुकानाच्या वहीत सोयाबीनची पाने भरतात, गोदामात त्याच्या थप्प्या लागतात, मुलामुलींची शिक्षणे त्याच्या उलाढालीवर पार पडतात. परंतु त्याच घरातील स्वयंपाकघराच्या फडताळात तुरीचा, मुगाचा, हरभऱ्याचा डबा असतो, सोयाबीनचा नसतो. घरात ते आलेच तर तेलाच्या पिशवीतून, किंवा कारखान्यात तयार झालेल्या वड्यांच्या रूपाने. दाणा म्हणून ते तोंडात येते ते केवळ पारखण्यापुरते, आणि तेही थुंकण्यासाठी.

याच दाण्याला जपानमध्ये फार वेगळे भाग्य लाभले आहे. तेथील घराघरांत भाजलेल्या सोयाबीनचे एक साधे पीठ असते. त्याला 'किनाको' म्हणतात. या शब्दाचा अर्थच मुळी 'पिवळे पीठ' असा आहे. मीठ नाही, मसाला नाही, आंबवणे नाही. दाणा भाजायचा, दळायचा आणि चाळायचा. महाराष्ट्रातील गृहिणीला हे वर्णन ऐकून परके वाटण्याचे कारण नाही. मेतकूट, भाजणी, सातूचे पीठ, डांगर, येसर ही सारी त्याच कुळातील भावंडे. मारवाडी घरांत कजली तीजेला सत्तूचे मुठे वळतात, तेही भाजलेल्या हरभऱ्याच्या पिठाचेच. धान्य भाजून, दळून, टिकवून खाण्याची विद्या या भूमीला ठाऊक आहे. ती फक्त सोयाबीनपर्यंत पोहोचली नाही.

सोन्याची धूळ

जपानी लोक हे पीठ मुख्यतः गोडाबरोबर खातात. चिकट जातीचा तांदूळ वाफवून, कुटून त्याचा 'मोची' नावाचा लवचीक गोळा करतात आणि तो साखर मिसळलेल्या किनाकोत घोळवतात. शिझुओका येथील आबे नदीच्या काठी मिळणाऱ्या अशा मोचीविषयी एक आख्यायिका सांगितली जाते. त्या भागात सोन्याच्या खाणी होत्या. राज्यकर्ता तोकुगावा इएयासू तेथे आला असता एका दुकानदाराने पिवळ्या पिठात घोळवलेली मोची त्याच्यापुढे ठेवली आणि 'ही सोन्याची धूळ' असे सांगितले. जपानी भाषेत सोन्याला 'किन' म्हणतात. तेव्हा 'किनाको' या नावावर ही कोटी सहज साधते. इएयासू प्रसन्न झाला आणि पदार्थ नावारूपाला आला. कथा खरी असो वा रचलेली, आपल्या मालाचे मोल गिऱ्हाइकाला एका शब्दात कसे पटवावे, हे त्या दुकानदाराला कळत होते.

वसंत आणि शरद ऋतूंत दिवस-रात्र समान होतात, त्या सुमारास जपानमध्ये पूर्वजांचे स्मरण करण्याचा आठवडा पाळतात. त्या वेळी भाताचे 'ओहागी' नावाचे गोळे करतात. त्यांच्या एका प्रकारावर किनाकोचा लेप असतो. फेब्रुवारीच्या आरंभी येणाऱ्या 'सेत्सुबुन' या सणाला अनिष्ट घालवण्यासाठी घरात भाजलेले सोयाबीन उधळतात आणि आपल्या वयाइतके दाणे मोजून खातात. महायुद्धानंतरच्या टंचाईच्या काळात तोक्योतील शाळांच्या मधल्या जेवणात तळलेला पाव देण्याची पद्धत पडली. त्यावर साखर भुरभुरत, पुढे साखरेबरोबर किनाकोही आला. आज वृद्धत्वाकडे झुकलेल्या पिढीला तो पदार्थ बालपणाची खूण वाटतो. राजाच्या आख्यायिकेपासून शाळकरी मुलाच्या ताटापर्यंत एकच पीठ पोहोचले आहे.

येथे एक गोष्ट व्यापारी वाचकाच्या ध्यानात यावी. जपान आपल्या गरजेपैकी बहुतांश सोयाबीन परदेशांतून, विशेषतः अमेरिकेतून, विकत आणतो. ज्याच्या शेतात पुरेसे पिकत नाही, त्याने या दाण्याचे किती प्रकार केले. आणि ज्याच्या अंगणात त्याचे ढीग लागतात, त्याने तो चाखूनही पाहिला नाही.

जैन स्वयंपाकघराच्या कसोटीवर

जपानी आहारात सोयाबीन अनेक रूपांनी येते. त्या सगळ्यांना जैन घराचे दार उघडे नाही. 'शोयू' म्हणजे सोया सॉस आणि 'मिसो' हे 'कोजी' नावाची बुरशी धान्यावर वाढवून, महिनोन्‌महिने आंबवून तयार होतात. 'नात्तो' हा शिजवलेल्या सोयाबीनवर जिवाणू वाढवून केलेला, तार सुटणारा पदार्थ आहे. जेथे सूक्ष्म जीवांची वाढ हीच पदार्थाची कृती आहे, तेथे श्रावकाने थांबावे हे उघड आहे. मोड आलेले सोयाबीनही अनेक घरांत अनंतकायाच्या विचाराने वर्ज्य ठरते. 'तोफू' हे सोयाबीनच्या दुधाला समुद्राच्या पाण्यातून मिळणाऱ्या क्षाराने विरजून केलेले पनीर. ते आंबवलेले नसते. मात्र ते पाण्यात बुडवून दिवसेंदिवस ठेवलेले असते, म्हणून ताजे असेल तरच त्याचा विचार करता येतो.

या साऱ्या पंक्तीत किनाको वेगळा उठून दिसतो. त्यात आंबवणे नाही, पाण्यात भिजवून ठेवणे नाही, कंदमूळ नाही. पूर्ण भाजलेल्या दाण्यात उगवण्याची शक्ती उरत नाही, तो अचित्त होतो. जपानच्या सोयाबीन-संस्कृतीतून एकच वस्तू उचलून जैन घरात आणायची झाली, तर ती हीच.

पीठ निर्दोष असले, तरी ते ज्यावर भुरभुरले जाते तो पदार्थ तसा असेलच असे नाही. जपानच्या प्रवासाला जाणाऱ्या कुटुंबांनी हे विशेष लक्षात ठेवावे. किनाकोबरोबर हमखास मिळणारी 'वाराबी मोची' दिसायला पारदर्शक, मऊ आणि निरुपद्रवी असते. पण तिचे सत्त्व एका नेच्याच्या जमिनीखालील खोडापासून काढतात. बाजारातील स्वस्त प्रकारात रताळ्याचे किंवा टॅपिओकाचे पिष्ट असते. दोन्ही परींनी ते कंदमूळच. तांदळाच्या मोचीला ही अडचण नाही. किनाको लावलेल्या आइस्क्रीममध्ये आणि केकमध्ये अंडे असू शकते, जेलीसारख्या पदार्थांत जिलेटिन असू शकते आणि घरगुती पेयात मध घातलेला असू शकतो. मधाच्या जागी काकवी वापरावी. जपानी लोक काळ्या साखरेचा 'कुरोमित्सु' नावाचा पाक किनाकोवर ओततात. काकवी ही त्याचीच बहीण शोभते.

आपल्यासारखा विचार करणारे लोक तेथेही होते, हे जाणून अनेकांना समाधान वाटेल. जपानच्या बौद्ध मठांत 'शोजिन र्योरी' नावाची पाकपरंपरा आहे. तीत मांस-मासे नसतातच, शिवाय कांदा-लसणासारख्या उग्र वासाच्या वनस्पतीही वर्ज्य असतात. तेराव्या शतकातील दोगेन या झेन आचार्याने मठातील स्वयंपाक्याची कर्तव्ये सांगणारा स्वतंत्र ग्रंथ १२३७ मध्ये लिहिला. तांदूळ निवडणे, एक दाणाही वाया न घालवणे, रांधताना मन जागे ठेवणे यांनाच त्याने साधना मानले. जैन परंपरेत ज्याला 'जयणा' म्हणतात, तिच्याशी हा विचार फार जवळचा आहे. अशा मठांना बळ पुरवण्यात सोयाबीनचा वाटा मोठा होता, हे सांगणे नलगे.

द्विदल आणि पिठाची मर्यादा

हे पीठ दुधात घालून पिण्याची पद्धत जपानमध्ये आता सर्रास आहे. येथे द्विदलाचा प्रश्न उभा राहतो. ज्याची दोन दले होतात आणि ज्यातून तेल निघत नाही, अशा कडधान्याचा कच्च्या गोरसाशी संयोग श्वेतांबर परंपरेत निषिद्ध आहे. तेलाच्या निकषामुळेच भुईमूग त्यातून वगळला जातो. सोयाबीनमध्ये सुमारे १८ ते २० टक्के तेल असते. परंतु ते कडधान्याच्याच कुळातले आहे. अशा वेळी शंकेला जागा ठेवण्यापेक्षा दूध नीट उकळूनच वापरावे आणि कच्चे दही व ताक यांच्याशी या पिठाचा संयोग टाळावा, हा सावध मार्ग. अंतिम शब्द अर्थातच आपापल्या गुरुमहाराजांचा.

दुसरा प्रश्न काळाचा. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा हिवाळ्यात सात, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन दिवस मानली आहे. श्वेतांबर घरांत मिठाईसारख्या पदार्थांचा काळ हिवाळ्यात तीस, उन्हाळ्यात वीस आणि पावसाळ्यात पंधरा दिवस धरतात. ही बंधने आजच्या पिढीला गैरसोयीची वाटतात. पण सोयाबीनच्या पिठापुरता तरी त्यामागचा विवेक स्वयंपाकघरातच प्रत्ययाला येतो. दाण्यातील तेल दळल्यावर हवेशी भिडते आणि पीठ काही दिवसांतच खवट होऊ लागते. ओलसर हवेत तर अधिकच लवकर. जपानी गृहिणीही किनाको थोडाच आणते, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते आणि ताजा असेतोच संपवते. शास्त्राची मर्यादा आणि जिभेची साक्ष येथे एकमेकांना दुजोरा देतात. पावसाळ्यात भाजलेला दाणा घट्ट डब्यात ठेवावा आणि गरजेपुरतेच दळावे.

घरच्या घरी

कृती सोपी आहे, पण तिला घाई चालत नाही. प्रारंभ पाव किलो सोयाबीनने करावा. बियाण्यासाठी आणलेले, औषध चोळलेले सोयाबीन खाण्यास चुकूनही घेऊ नये. व्यापारी व शेतकरी घरांत ही सूचना अनाठायी नाही. दाणे उजेडात निवडावे, सुपात पाखडावे, कोरड्या कापडाने पुसावे. जाड बुडाच्या लोखंडी कढईत मंद आचेवर भाजत राहावे आणि हात थांबवू नये. आधी कच्चट, हिरवट वास येतो. तो जाऊन भाजलेल्या शेंगदाण्यासारखा खमंग वास सुटला, सालाला तडे गेले आणि दाणा फोडल्यावर आतून बिस्किटासारखा रंग दिसला, की उतरवावे. मोठी आच लावली तर बाहेरून करपते आणि आत कच्चे राहते.

हे भाजणे केवळ चवीसाठी नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे घटक असतात. पुरेशा उष्णतेने ते निकामी होतात. कच्चट वास निर्माण करणारे द्रव्यही उष्णतेनेच थंडावते. 'सोयाबीन पचत नाही, वास मारते' ही घरोघरची तक्रार बहुधा अर्धवट भाजलेल्या दाण्याची असते.

दाणे पूर्ण गार झाल्यावर हातांनी चोळून साल पाखडावे. मिक्सरमध्ये थोडे थोडे घालून, थांबून थांबून फिरवावे. सलग फिरवले तर तेल सुटून पिठाचा लगदा होतो. मग बारीक चाळणीने चाळावे. गिरणीवाले नुसते सोयाबीन दळून देण्यास नाखूश असतात, कारण त्याच्या तेलाने जाते चिकटते. भाजलेल्या हरभऱ्याबरोबर दळले तर ती अडचण राहत नाही. चार वाट्या पिठाला वाटीभर चिरलेला गूळ आणि चिमूटभर मीठ मिसळले की मूळ जपानी चवीच्या जवळ जाता येते. पोळीवर तूप लावून हे मिश्रण भुरभुरावे, किंवा तुपात वळून लाडू करावे. आठम-चौदसला आणि चातुर्मासात हिरवी भाजी वर्ज्य असते, तेव्हा ताटातील उणीव भरून काढण्यास हे पीठ उपयोगी पडते.

मोचीची हौस असणाऱ्यांना साहित्य शोधण्यास दूर जावे लागत नाही. पश्चिम चंद्रपुरात सोयाबीन आहे. पूर्वेकडे मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी आणि वैनगंगा ओलांडून थेट गडचिरोलीपर्यंत भाताचा मुलूख आहे. १९८२ साली एका जिल्ह्याचे दोन झाले, तरी मातीची ही वाटणी त्याहून जुनी. मोदकाची उकड काढतात तशी तांदळाच्या पिठीची उकड काढावी, तूप-पाण्याच्या हाताने मळून लहान गोळे करावे, पुन्हा वाफवावे आणि गरम असतानाच सोयाबीन-गुळाच्या पिठात घोळवावे. मोचीचा चिवटपणा त्यात येणार नाही, कारण तो चिकट तांदूळ येथे पिकत नाही. पण गडचिरोलीचा तांदूळ आणि वरोऱ्याचा सोयाबीन एका घासात भेटतील.

एक-दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. आरंभी दिवसाला एक-दोन चमचेच घ्यावे, कारण सवय नसलेल्यांना पोटात वायू धरतो. काही व्यक्तींना सोयाबीनची ॲलर्जी असते. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि सोयाबीन यांत अंतर ठेवावे व डॉक्टरांना विचारावे.

खातेवहीची दुसरी बाजू

आता हिशेब. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे, तुरीचा ८,००० रुपये. सोयाबीनमध्ये साधारण ३८ टक्के प्रथिने धरली, तर हमीभावाने शंभर ग्रॅम प्रथिनांसाठी चौदा रुपये पडतात. तुरीत २२ टक्के धरली, तर त्याच शंभर ग्रॅमला छत्तीस रुपये. किरकोळ दुकानातील भाव वेगळे असतील, पण अंतराचे प्रमाण फारसे बदलणार नाही. ज्या जिल्ह्यांत अंगणवाडीच्या वजनकाट्यावर मुलांचे कुपोषण अजून मोजले जाते, तेथे हा आकडा केवळ वहीतला राहत नाही.

मग हे स्वस्त प्रथिन जाते कोठे? व्यापाऱ्याला उत्तर ठाऊक आहे. शंभर किलो सोयाबीन गाळले की सुमारे अठरा किलो तेल निघते आणि ऐंशी किलोच्या आसपास पेंड, म्हणजे डीओसी. दाण्यातील सारी प्रथिने पेंडीत उतरतात आणि पेंडीचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे कुक्कुटपालनाचा धंदा. म्हणजे चंद्रपूरच्या शेतात पिकलेले, श्रावकाच्या तराजूवर तोललेले धान्य बहुतांशी कोंबड्यांच्या पिंजऱ्यांकडे आणि तेथून कत्तलीकडे जाते. उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाच्या प्रकरणी पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. त्यांत यंत्रपीलन, म्हणजे घाण्यात पिळण्याचे व्यवसाय, आहेत. भट्टी लावून करायचे धंदेही अंगारकर्मात मोडतात. म्हणून येथे कोणाला नव्या धंद्याची शिफारस करायची नाही. घरच्या चुलीवर घरापुरते भाजणे ही गृहस्थाची रोजची रांधणी आहे, तेवढ्याचाच विचार आहे. आणि व्यापाऱ्याला दोष देण्याचाही हेतू नाही. तो माल घेतो, माल विकतो, पुढचा प्रवास त्याच्या हाती नसतो. पण जे हाती नाही, ते नजरेआडही असावे, असे शास्त्राने कोठे म्हटलेले नाही.

या साखळीचा चटका शेतकऱ्यालाही बसतो. २०२३ च्या खरिपात पिवळ्या मोझॅक रोगाने चंद्रपूर जिल्ह्यातील सोयाबीन उभ्या उभ्या पिवळे पडले. पुढच्या वर्षी माल हाती आला, तर बाजारभाव हमीभावाच्या खाली राहिला. सरकारी खरेदीत बारा टक्के ओलाव्याची अट होती. ती त्या नोव्हेंबरात पंधरा टक्क्यांपर्यंत शिथिल करावी लागली. भाव पडण्याच्या कारणांपैकी एक पेंडीच्या बाजारात होते. मका आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा कोंबडीखाद्यात स्वस्तात मिळू लागला आणि सोयापेंडीची मागणी घटली. वरोऱ्याच्या शेतकऱ्याच्या दिवाळीचे मोल कोंबडीच्या गव्हाणीत ठरले. ज्या धान्याला माणूस खाणारा नाही, त्याचा भाव माणसाच्या भुकेवर ठरत नाही.

नव्वद वर्षांपूर्वी या प्रदेशाच्या उंबरठ्यावर एकाने वेगळा प्रयत्न केला होता. वर्ध्याच्या मगनवाडीत, अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या कार्यस्थळी, महात्मा गांधींनी १९३५ मध्ये सोयाबीन आहारात आणण्याचे प्रयोग केले आणि 'हरिजन' साप्ताहिकात त्याविषयी लिहिले. गरिबाला परवडेल असे पोषण आणि प्राण्यांची हिंसा टाळणारे पोषण, असा दुहेरी शोध त्यामागे होता. वरोऱ्याहून वर्धा फार दूर नाही. पण त्या काळी विदर्भात हे पीक नव्हते. विचार होता, दाणा नव्हता. १९८० नंतर दाणा आला आणि पसरत गेला, तोवर विचार मागे पडला होता. बियाणे, खत, तेलगिरण्या, वायदे असे सारे त्याच्याबरोबर आले. फक्त स्वयंपाकघर आले नाही.

तांदळाच्या बाबतीत याच जिल्ह्याने एक धडा दिलेला आहे. नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याने आपल्या शेतातील वेगळ्या लोंब्या वर्षानुवर्षे निवडून तांदळाचे नवे वाण तयार केले. त्या वेळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळावरून एका व्यापाऱ्याने त्याला 'एचएमटी' हे नाव दिले आणि तो तांदूळ देशभर गेला. दादाजी २०१८ मध्ये निवर्तले, तोवर नाव आणि पैसा यांपैकी फारसे काही त्यांच्या वाट्याला आले नव्हते. त्या शेतकऱ्याने दाणा नुसता विकला नाही. निरखला, राखला, पुन्हा पेरला. धान्याकडे असे पाहणारा डोळा याच मातीत होता.

गडचिरोलीच्या आदिवासी घरांत मोहाची फुले वाळवून, भाजून, कुटून अन्न म्हणून खाण्याची रीत आहे. जंगलाने दिलेले घरात आणून त्याला अन्नाचे रूप द्यावे, ही बुद्धी तेथे शिकवावी लागत नाही. आश्रमशाळांत, वसतिगृहांत अनुकंपादान म्हणून बिस्किटांचे पुडे वाटणाऱ्या मंडळांनी एखाद्या हंगामात त्याऐवजी ताज्या सोयाबीन पिठाचे गुळाचे लाडू वाटून पाहावे. खर्च वाढणार नाही, आणि मुलाच्या हातात पडलेला घास याच जिल्ह्याच्या मातीतून आलेला असेल.

कार्तिकात पुन्हा ढीग लागतील. व्यापारी पुन्हा हात घालील, दाणा दाताखाली धरील आणि ओलावा जोखून थुंकून टाकील. व्यवहारात ते अटळ आहे. मात्र त्या संध्याकाळी, सूर्यास्तापूर्वी, घरी परतताना त्याने पाव किलो निवडक दाणे कागदाच्या पुडीत बांधून न्यावे. चुलीवर मंद आच असावी, घरात खमंग वास पसरावा. आयुष्यभर ज्याची पारख केली, तो दाणा भाजून हातात आला म्हणजे तो चावावा, आणि या वेळी गिळावा.